अर्धवट कामाची पिशवी फोडू नका

प्रश्न : ताई, पंधरा वर्षांत भरतकाम, क्रोशा, मण्यांची तोरणं, कागदी पट्ट्या गुंडाळून करायचं क्विलिंग, कापडी पिशव्या असं जे जे आवडलं ते शिकत गेले. ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे सामान पलंगाच्या बॉक्समध्ये, पोटमाळ्यावर, कपाटाच्या वरच्या फळीवर आणि शिलाई मशीनच्या खाली पसरलं आहे. येत्या शनिवारी घरात कुणी नाही, पाऊस आहे, बाहेर पडायचं नाही. आरामात बसून सगळं लावावं असं मनात आहे. सुरुवात कुठून करू? आधी डबे आणून ठेवू का? आणि माझ्या सासूबाईंचा अर्धा विणलेला स्वेटर सुयांसकट तसाच आहे. त्या आता नाहीत. त्याचं काय करू?

उत्तर : डबे आणू नका. सामान किती आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणलेले डबे हमखास चुकीच्या मापाचे निघतात, आणि मग सामान डब्याच्या मापात कोंबलं जातं. श्रीखंडाचे, मिठाईचे, बिस्किटांचे जे रिकामे डबे घरात असतील तेवढे धुऊन कोरडे करून ठेवा. शनिवारपुरते ते पुरतात.

मी पुण्यात तीस वर्षं घरीच भरतकाम आणि क्रोशाचे वर्ग घेते. विद्यार्थिनींच्या घरी जाऊन त्यांची कपाटंही लावून दिली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, आळसाचा दिवस या कामाला फार चांगला. घाईत माणूस फेकतो तरी, नाहीतर कोंबतो. निवांत बसलं की प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितली जाते, आणि या कामात बघणं हेच निम्मं काम आहे. एक जुनी डबल बेडची चादर जमिनीवर अंथरा. पाठ दुखत असेल तर पाटावर किंवा मोढ्यावर बसा. एका वेळी एकाच जागेचं सामान चादरीवर घ्या. पलंगातलं लागेपर्यंत पोटमाळ्याला हात लावू नका. मध्येच कुणी आलं, जेवायची वेळ झाली किंवा दुपारी डोळा लागायला लागला, तर चादरीची चार टोकं बांधा आणि गाठोडं कोपऱ्यात सरकवा. घर मोकळं होतं आणि सांडलेला मणीही हरवत नाही.

आता सुरुवात कुठून. दोऱ्यांपासून नाही, रंगांपासून नाही, कापडापासूनही नाही. सगळ्यात आधी अर्धवट कामं शोधा.

तुमच्याकडे ती असणारच. लाकडी रिंगमध्ये ताणलेला रुमाल, गोळ्यात खोचलेली क्रोशाची सुई आणि तिला लोंबणारी वीतभर जाळी, तीन पाकळ्या झालेलं क्विलिंगचं फूल. लावायला बसलं की हात आपोआप एकच गोष्ट करतात : सुई काढून सुयांत, दोरा काढून दोऱ्यांत, उरलेलं काम घडी करून कापडांत. दिसायला छान दिसतं आणि ते काम तिथेच संपतं. त्या पिशवीत जे एकत्र आहे ते काहीतरी कारणानं एकत्र आहे. ती पिशवी फोडू नका.

माझ्या हातून हे झालं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत मी सात अर्धवट कामांतल्या क्रोशाच्या सुया काढल्या आणि नंबरानं एका कापडी गुंडाळीत खोचल्या. चार महिन्यांनी टेबलावरचा गोल रुमाल पुन्हा हातात घेतला. दोरा वीस नंबरचा होता, म्हणून अंदाजानं सव्वा मिलिमीटरची सुई घेतली आणि रात्री दोन फेरे घातले. सकाळी रुमाल टेबलावर अंथरला तर कड वर उचलली होती, वाटीच्या काठासारखी. दोन्ही फेरे उसवले. मग दीडची सुई घेतली. आता कडेला झालर पडली, खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, सैल दिसायला लागले. पुन्हा उसवलं. तिसऱ्या दिवशी आठवलं की त्या रुमालाला मी आत्याची जुनी सुई वापरत होते. तिच्यावरचा आकडा झिजून गेला होता, म्हणून आवराआवरीत ती ‘बाकीच्या’ डब्यात गेली होती. ती घेतल्यावर रुमाल ताटासारखा सपाट बसला. सुई, दोरा आणि हात या तिघांची एकदा जुळणी झाली की ती मोडायची नाही, हे मी त्या रुमालावर शिकले.

तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक अर्धवट कामाला एक कापडी पिशवी आणि पिशवीत एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर काय काय लिहायचं? काम कुणासाठी आहे, दोरा कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या नंबरचा, सुई कोणती, नमुना कुठे आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढची ओळ काय. ‘बारावा फेरा, पाच साखळ्या, एक मुका खांब, असंच पुढे’ एवढं पुरतं. ‘नंतर आठवेल’ यावर विसंबू नका. सहा महिन्यांनी आपलाच नमुना परक्याचा वाटतो.

एका बाबतीत मात्र पिशवी उघडावीच लागते. भरतकामाच्या कापडात खोचून ठेवलेली सुई काढा. पावसाळ्याच्या हवेत पोलादी सुई गंजते आणि नेमका तिथेच तपकिरी ठिपका पडतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवलं की बऱ्याचदा डाग जातो, पण रंगीत कापडावर हा उपाय करू नका, कापडाचाच रंग उतरतो. सुई काढली की तिचा नंबर चिठ्ठीवर लिहा. रिंगही काढा. महिनोन्‌महिने ताणलेल्या कापडावर रिंगची गोल घडी बसते, तिच्यात धूळ शिरते आणि मग ती धुतल्यावरही दिसत राहते. रिंगच्या स्क्रूचा गंज लागला तर वेगळाच त्रास.

या पिशव्या एका जागी आल्या की कोणती ठेवायची हा प्रश्न येईल. मी एकच खूण बघते. काम हातात घेतल्यावर बोटं आपोआप पुढचा टाका शोधतात का? शोधत असतील तर ते काम जिवंत आहे. हातात घेतल्यावर फक्त ‘अरे, हे राहिलंच’ एवढंच मनात येत असेल, ज्या भाचीच्या रुखवतासाठी काढलं तिचं लग्न होऊन मूलही शाळेत गेलं असेल, तर ते मोकळं करा. क्रोशा उसवून दोरा परत मिळतो. भरतकामाचा झालेला तुकडा कापून पिशवीच्या खिशावर लावता येतो. पाच–सहा जिवंत कामं राहिली तर पुष्कळ झाली. त्यांतली एक पिशवी खिडकीजवळ, बसायच्या जागेच्या हाताशी ठेवा आणि बाकीच्या एका फळीवर.

मग उरतं ते सुटं सामान, आणि ते लावणं सोपं आहे. आपण कामाला बसतो तेव्हा कोणत्या वस्तू एकाच वेळी लागतात, त्या एका डब्यात. भरतकामाच्या डब्यात दोरे, सुया, लहान कात्री, रिंग, पेन्सिल. मण्यांच्या डब्यात मणी, तार, नायलॉनचा दोरा, पक्कड. हो, म्हणजे घरात चार कात्र्या लागतात. लागू देत. कागदाची कात्री कापडाला आणि कापडाची कागदाला लागली की दोन्ही कामं बिघडतात, म्हणून कापडाच्या कात्रीच्या मुठीला एक लाल चिंधी बांधून ठेवा म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळेल.

भरतकामाचे दोरे. अँकर किंवा डीएमसी कंपनीची लडी आठ मीटरची आणि सहा पदरी असते, आणि तिच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो. पट्टी फेकली की रंग हरवला म्हणून समजा, कारण संध्याकाळच्या दिव्यात दोन पोपटी सारखेच दिसतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात वेगळे निघतात. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर दोरा गुंडाळणार असाल तर नंबर आधी पट्टीवर लिहा, मग गुंडाळा. कंपनीचं नावही लिहा, कारण नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. काळा रंग डीएमसीत ३१० आहे आणि अँकरमध्ये ४०३. दोरा ताणून गुंडाळू नका, पट्टीच्या काठावर त्याला घड्या पडतात आणि साटणी टाका भरताना त्या दिसतात. सगळ्या नंबरांचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला गेल्यावर रंग बघूनच मन भरून येतं, तेव्हा तो फोटो उपयोगी पडतो.

लड्यांना रबर लावलेले असतील तर ते आजच काढा. आपल्या उन्हाळ्यात रबर विरघळून दोऱ्याला चिकटतो आणि तो भाग कापूनच टाकावा लागतो. जरीला तर रबर मुळीच नको. रबरात गंधक असतं आणि त्यानं चांदीची जर काळी पडते. जुन्या साडीचे खरे जरीचे काठ असतील तर ते मऊ, धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाई लागते. डांबरगोळीही जरीच्या अंगाला लागू देऊ नका. ती प्लॅस्टिकच्या टिकल्या आणि बटणांजवळही नको, काही प्लॅस्टिक तिनं मऊ पडून एकमेकांना चिकटतं. आमच्याकडे पूर्वीपासून वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवतात, मी अजूनही तेच करते आणि दर वर्षी बदलते.

पावसाचं एक नीट लक्षात घ्या. तुम्ही लावणार आहात पावसाळी शनिवारी. त्या दिवशी हवेतला दमटपणा कापडात, कागदात, दोऱ्यात भरलेला असतो. सगळं नीट लावून हवाबंद डब्यांची झाकणं घट्ट लावलीत, तर तो दमटपणा आतच अडकतो आणि महिन्याभरात वास यायला लागतो, पांढरी बुरशी धरते. म्हणून शनिवारी फक्त वर्गवारी करा. डब्यांवर झाकण नुसतं ठेवा किंवा वर कापड टाका. चांगलं कोरडं ऊन पडेल त्या दिवशी, नाहीतर सरळ ऑक्टोबरच्या उन्हात, सामान तास–दोन तास हवेशीर ठेवा आणि मग झाकणं लावा. रंगीत दोरे आणि क्विलिंगच्या पट्ट्या थेट उन्हात नको, सावलीतल्या वाऱ्यावर ठेवा. पलंगाच्या बॉक्सला तळाशी हवा लागत नाही, म्हणून त्यात कागद आणि पोलादी वस्तू ठेवू नका. तिथे कृत्रिम लोकर, नायलॉनच्या लेस, प्लॅस्टिकचे साचे असलं सामान चालतं.

कापडाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. नवीन सुती कापडाला खळ असते आणि कसर खळीवरच येते. ठेवणीतलं कापड एकदा धुऊन, खळ काढून, पूर्ण वाळवूनच आत ठेवा. धुतल्यावर जे आटायचं ते आटतं आणि जे रंग सोडायचं ते सोडतं, तेही आधीच कळतं. मोठे तुकडे एकाच रुंदीच्या घडीत, पुस्तकांसारखे उभे ठेवा म्हणजे एक काढताना दहा कोसळत नाहीत. दोन वीतभर लांब–रुंद तुकडा असेल तर तो पिशवीच्या खिशाला, अस्तराला, पाकिटाला चालतो. त्याहून लहान ते चिंध्यांच्या बोचक्यात. चिंध्या टाकू नका. आपल्या आज्यांनी गोधड्या याच बोचक्यांतून शिवल्या. वर जुन्या लुगड्याचा मऊ पदर, आत चिंध्यांचे थर आणि बाहेरच्या कडेपासून आत जाणारा धावदोरा. फक्त सुती आणि कृत्रिम चिंध्या वेगळ्या करा. एकाच गोधडीत दोन्ही आले की धुतल्यावर एक आटतं, दुसरं नाही, आणि गोधडी चुरमडते.

मण्यांचं लवकर सांगते. परातीत टर्किश टॉवेल अंथरून त्यावर मणी ओता, घरंगळत नाहीत. मिसळणाचा जुना डबा त्यांना उत्तम. बारीक मण्यांचा आकडा उलटा चालतो, ११ नंबरचा मणी ८ नंबरहून लहान. हातसुईचंही तसंच, आकडा वाढला की सुई बारीक, पण शिलाई मशीनच्या सुईत आकडा वाढला की सुई जाड, म्हणून दोन्ही एका डबीत ठेवू नका. आणि पूर्ण मिसळून गेलेले बारीक मणी निवडत बसू नका. मी एका श्रावणात तीन दुपारी त्यात घालवल्या आहेत. मोठे काचेचे आणि जुने पितळी मणी तेवढे उचला, बाकीच्याचं मिसळलेल्या रंगांचंच तोरण ओवा. ते सुंदर दिसतं.

फॅब्रिक कलरच्या बाटल्या हलवून बघा. पाण्यात विरघळणारा रंग एकदा रबरासारखा घट्ट झाला की पाणी घालून परत येत नाही, जाऊ द्या. ‘शिल्पकार’सारख्या, दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या मातीचे दोन्ही गोळे वेगवेगळ्या पिशव्यांत आहेत ना, एवढं बघा. क्विलिंगच्या तीन मिलिमीटर रुंद पट्ट्या तीनांत, पाचच्या पाचांत, आडव्या, अंधारात.

जुने नमुने मात्र सावकाश हाताळा. तुमच्याकडे सासूबाईंचे किंवा आईचे असतील तर बघा, ट्रेसिंग पेपरवर सुईनं टोचून केलेली भोकं दिसतील. कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवली की नमुना ठिपक्यांनी कापडावर उतरायचा. असे कागद घडी करून ठेवले की घडीवरच्या भोकांच्या ओळीवरून फाटतात. घडी उलगडून पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा. आधी प्रत्येकाचा फोटो काढा.

डब्यांवर नाव लिहाल तेव्हा झाकणावर लिहू नका, डब्याच्या अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात.

आता लोकर आणि सासूबाईंचा स्वेटर. बाजारातली बरीचशी लोकर ॲक्रिलिक असते, तिला कीड लागत नाही. खरी लोकर आहे का हे बघायला दोन बोटं लांबीचा धागा चिमट्यात धरून पेटवा, वॉशबेसिनवर. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर खरी. वितळून कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. खऱ्या लोकरीत बारीक भोकं किंवा तुटलेले धागे दिसले तर ती कोरडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर लोकरीवर पाणी धरतं.

स्वेटर उसवू नका. निदान या शनिवारी नाही. तो सुयांवर किती वर्षं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण सुईवरचे टाके फार दिवस राहिले की ती ओळ ताणून आडवी होते आणि सुई गंजली तर डाग धरतो. म्हणून आधी टाके सुईवरून उतरवून घ्या. बोथट टोकाच्या जाड सुईत विरोधी रंगाचा सुती दोरा ओवा, स्वेटर पांढरा असेल तर निळा, आणि उजवीकडून एकेक टाका त्या दोऱ्यावर घेत जा. घाई नाही, दुपारच्या उजेडात बसा. एखादा टाका सुटलाच तर क्रोशाच्या सुईनं शिडीसारखा वर चढवता येतो, घाबरू नका. शेवटी दोऱ्याची दोन टोकं सैल बांधा.

पुढे तुम्ही तो पूर्ण कराल का, हे तुम्हीच ठरवायचं. केलात तर एक गोष्ट माहीत असू द्या. त्यांचा हात आणि तुमचा हात वेगळा आहे, त्याच सुया आणि तीच लोकर घेतलीत तरी. जिथे त्यांची ओळ संपते आणि तुमची सुरू होते तिथे विणीत एक बारीक रेघ दिसेल. माझ्याकडे आईनं सुरू केलेली आणि मी संपवलेली एक बंडी आहे. तिच्यात मुंढ्याच्या खाली चार बोटांवर ती रेघ आहे, अंगात घालताना दर वेळी माझं बोट तिथे जातं. ती रेघ लपवायची असेल तर पाठ आणि पुढचा भाग त्यांचा तसाच ठेवून फक्त बाह्या आणि गळा तुम्ही विणा, म्हणजे जोड शिवणीत येतो. मला विचाराल तर मी लपवणार नाही.

सुयांचा नंबर बघून ठेवा, बहुधा बॉर्डरला एक आणि अंगाला एक जाड अशा दोन जोड्या असतील. एक गोळा आणि त्याची कागदी पट्टी एकत्र राहू द्या. पट्टीवर रंगाचा नंबर आणि लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेचा, नंबर असतो, लोकर कमी पडली तर त्याच लॉटची शोधावी लागेल. मग कापडी पिशवी घ्या, चिठ्ठी लिहा. कुणी सुरू केला, कुणासाठी असावा असं तुम्हाला वाटतं, आणि दोऱ्यावर घेतलेले टाके किती. टाके दोनदा मोजा, मगच आकडा लिहा.